गाण्यातली ‘ती’, गळा त्याचा

मराठीत ‘मी’ म्हटलं की पुढच्या क्रियापदाला लपायला जागा राहत नाही. गेले की गेलो, येते की येतो, एकटी की एकटा, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरंच होत नाही. त्यामुळे पुरुषाने बाईच्या तोंडचं गाणं उचललं की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच ऐकणाऱ्याला कळतं, बोलणारी ती आहे आणि गळा त्याचा आहे. लोकगीतं शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या मंडळींत यावर नेहमी वाद होतो. बाईचं गाणं बाईनेच म्हणावं, असं एकजण म्हणतो. कलेला कसलं आलंय बाई-पुरुष, असं दुसरा म्हणतो. दोघंही घाई करतात असं मला वाटतं. ओवी, गौळण, भारूड, लावणी या प्रत्येकात ‘मी’ म्हणजे कोण याचं गणित वेगळं आहे आणि ते गाणं कुठे, कोणासमोर, काय करताना म्हटलं जातं यावर ठरतं.

भारुडापासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळं उघडं दिसतं. एकनाथांचं (1533–1599) ‘सत्वर पाव गे मला’ घ्या. बोलणारी एक गांजलेली सून आहे. ती भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि बदल्यात मागते काय, तर सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी नवरा, सगळ्यांचा एकेक करून निकाल लाव. अखेरच्या चरणात येतं, ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊं दे, एकटीच राहू दे मला’. ही ओळ हळू वाचून पाहा. अर्ध्या ओळीत पैठणच्या एका पुरुषाने स्वतःची आणि आपल्या गुरूची सही केली आहे आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत तोच ‘एकटीच’ म्हणतो आहे. साडेचारशे वर्षं ही ओळ गायली जाते आहे आणि ‘एकटाच’ अशी दुरुस्ती करावी असं कोणाला वाटलेलं नाही. सासू-सासरे म्हणजे मनाला चिकटलेले विकार आणि सून म्हणजे त्यातून सुटू पाहणारा जीव, अशी फोड कीर्तनकार करतात. जीवाला दाढीमिशा नसतात, तेव्हा गळा कोणाचा याला तिथे महत्त्व उरत नाही.

तरीही हे भारूड पुरुषाच्या तोंडी फसतं आणि कुठे फसतं ते नेमकं सांगता येतं. भारूडकरी धोतरावर लुगडं गुंडाळतो, डोक्यावर पदर घेतो, इथवर सगळं रीतीचं आहे. लोक हसतात, तेही अपेक्षित आहे. सासूची तक्रार, जावेची तक्रार, नणंदेच्या पोराची किरकिर असा हशा चढत जावा अशीच रचना आहे. बिघडतं ते आवाज चोरला की. गायक गळा दाबून बारीक, अनुनासिक बायकी आवाज काढतो आणि तोच शेवटपर्यंत ओढतो. मग ‘एका जनार्दनी’ येतं तेव्हा त्या चिरक्या आवाजात सही उमटतच नाही. हशा चालू राहतो आणि ज्या वळणासाठी सगळं भारूड रचलं ते वळण हुकतं. जाणते भारूडकरी आवाज आपलाच ठेवतात. सून दाखवतात ती लयीतून, शब्द तोडण्यातून, मान वेळावण्यातून. अखेरच्या चरणाआधी मृदंग थोडा सैल होतो, अंगविक्षेप थांबतात आणि ओळ सरळ, मोकळ्या गळ्याने, चेहरा लोकांकडे करून म्हटली जाते. नव्याने भारूड बसवणाऱ्याने निदान एवढं करावं, की नाममुद्रेची ओळ आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणावी. एवढ्यानेही त्या भारुडाचा तोल सावरतो.

वारकऱ्यांच्या भजनात तर प्रश्न उरतच नाही. तिथे गौळणीला तिची ठरलेली जागा असते आणि टाळ घेऊन उभे असलेले मिशाळ बाप्ये ‘मी’ला निःसंकोच स्त्रीलिंगी क्रियापद लावतात. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांमधली, म्हणजे विरहाच्या अभंगांमधली, विरहिणी सख्यांना ‘वो’ आणि ‘गे’ म्हणून हाक मारते आणि मुद्रा ‘बापरखुमादेवीवरु’ अशी येते. तुकाराम ‘वाळो जन मज म्हणोत शिंदळी’ म्हणतात. पुरुष कवीने स्वतःसाठी बायकांनाच दिली जाणारी शिवी उचलून घेतली आहे आणि ती पुरुषांच्या दिंडीत म्हटली जाते. जनाबाईची ‘डोईचा पदर आला खांद्यावरी’ ही ओळ पागोटं बांधलेला विणेकरी म्हणतो तेव्हा त्याच्या डोईवर पदर नसतो, पण लाज टाकून भर बाजारात जायची तयारी त्याच्या आवाजात असावी लागते. ती नसेल तर गाणारी बाई असूनही अभंग पोकळ वाटतो. उलट बाजूनेही तेच. कीर्तनाला उभी राहिलेली बाई ‘तुका म्हणे’च्या आधीची सगळी पुल्लिंगी क्रियापदं जशीच्या तशी म्हणते.

व्याकरणाने इथे एक मोकळीक देऊन ठेवली आहे, तीही गाणाऱ्याने ओळखून असावी. लिंग दिसतं ते एकवचनात. ‘आम्ही जातो’, ‘आम्ही गेलो’ हे बायका आणि पुरुष दोघंही तसंच म्हणतात. भविष्यकाळ म्हणजे ‘जाईन’, ‘देईन’, ‘वाहीन’, आणि ‘मला’ने सुरू होणारी वाक्यंही कोणाचीही असू शकतात. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं. ‘मी पाणी भरलं’ यात भरणारा कोण ते कळत नाही. त्यामुळे एखादं गाणं बाईचं आहे असं ऐकून वाटत असलं तरी शब्द लिहून काढल्यावर पुष्कळदा दिसतं, की स्त्रीलिंगी खूण एका-दोन ठिकाणीच आहे. बाकी सगळं गाण्यात आलेल्या वस्तूंवरून आपणच धरून चाललेलो असतो.

म्हणून आपल्या लिंगाशी न जुळणारं गाणं हाती घेतलं की आधी ते कागदावर उतरवावं आणि ‘मी’चं लिंग उघड करणारे शब्द अधोरेखित करावेत. मग हाकांचे शब्द वेगळ्या खुणेने दाखवावेत: गं, बाई, सये, रे, राया, गड्या. या हाका ऐकणारा कोण ते सांगतात, बोलणारा कोण ते नेहमी सांगतात असं नाही. ‘गं’ बाईलाच म्हटलं जातं, पण म्हणणारा कोणीही असू शकतो. हा फरक न कळल्यामुळे काही गायक ‘गं’चंही ‘रं’ करून टाकतात आणि मैत्रिणीला सांगितलेलं गाऱ्हाणं एकदम भलत्याच माणसाला सांगितल्यासारखं होतं.

क्रियापदं बदलावीत का? माझं मत स्पष्ट आहे, बदलू नयेत. समजा ओळ अशी आहे: ‘पाण्याला गेले बाई, येताना भिजून आले.’ पुरुषासाठी गेलो, आलो केलं. मात्रा जुळतात, कारण ले आणि लो दोन्ही गुरूच. त्यामुळे काही बिघडलं नाही असं वाटतं. पण पुढच्या चरणाचं यमक ‘नेले’ किंवा ‘केले’शी असेल तर ते तुटतं. ओळीचा शेवट वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, लांबवायचा असेल तर ‘ए’ जसा उघडा, धारदार लागतो तसा ‘ओ’ लागत नाही. ओठ गोल होतात आणि उघड्या मैदानात तो स्वर आतल्या आत राहतो. शिवाय बदल तिथेच थांबत नाही. पुढच्या ओळीत डोईवर घागर येते, मग पदर, मग चोळी, मग माहेर. एक क्रियापद बदललं की त्या बाईचं सगळं जग हलवायला लागतं. ते हलवत बसणाऱ्याने नवं गाणंच रचावं, ते जास्त प्रामाणिक होईल.

आता पट्टी. हा भाग वादात कोणी काढत नाही आणि प्रत्यक्षात गाणं सगळ्यात जास्त इथेच मार खातं. पेटीच्या काळ्या पट्ट्या मोजून सांगायचं तर बायकांचा सोयीचा षड्ज साधारण काळी चार-काळी पाचच्या आसपास असतो, पुरुषांचा काळी एक-काळी दोन. काळी चारवरची लावणी पुरुषाने काळी एकला घेतली तर षड्ज थेट सात अर्धस्वरांनी उतरतो. गळ्याला ते सोयीचं, पण ढोलकीला नाही. ढोलकीची शाईची बाजू गाणाऱ्याच्या षड्जाला लावलेली असते. तीच ढोलकी इतकी उतरवली की पुडी, म्हणजे तिचं कातडं, सैल पडते, थाप मरते आणि लावणीचं निम्मं अंग जातं. तेव्हा खालच्या पट्टीची दुसरी ढोलकी घ्यावी किंवा पुरुषाने जरा ताणून काळी दोन-काळी तीनपर्यंत चढावं. तुणतुण्याचा प्रश्न नाही, एक तार आणि एक खुंटी, हवं तिथे लावता येतं. पेटीवरही भागतं. माइक नव्हते तेव्हा तमाशातले पुरुष उंच पट्टीतच गात, मैदानाच्या टोकापर्यंत आवाज पोचवायचा तर दुसरा उपाय नव्हता. त्यामुळे शाहिराचा चढा आवाज ऐकून तो ‘बायकी’ गातोय असं जुन्या श्रोत्याला कधी वाटलं नसावं. उंच पट्टी आणि बायकी ढंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्या गायकांची त्यांत गल्लत होते.

लावणीचा इतिहास पाहिला तर गाणाऱ्याच्या आणि गाण्यातल्या ‘मी’च्या लिंगाची ‘जुळणी’ हा शब्दच डळमळतो. पेशवाईच्या उत्तरकाळात होनाजी शिलारखाने लावण्या रचत आणि बाळा करंजकर त्या गात. दोघांची जोडी होनाजी-बाळा म्हणूनच ओळखली जाते. लावणीतली नायिका राया-सख्याला आळवायची, रचणारा पुरुष, गाणारा पुरुष आणि फडात लुगडं नेसून नाचणारा पोऱ्या, नाच्या पोर. बाई होती ती शब्दांतच. पुढे तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून हिवरगावच्या पवळाचं नाव घेतलं जातं. शाहीर पठ्ठे बापूरावांच्या फडात ती होती. तेव्हापासून लावणीतली ‘ती’ आणि मंचावरची ती एक झाली, असं आपण मानतो.

खरंच एक झाली का? शब्द बहुतेक पुरुषांचेच राहिले. बाईने काय मागावं, कशावर रुसावं, पदर कधी ढळावा, हे शाहिराने ठरवलेलं आणि समोर बसलेल्यांना ते ऐकायचं असतं. गळा बाईचा, क्रियापद बाईचं, इच्छा मात्र दुसऱ्याची. लिंग जुळलं म्हणजे गाणं खरं झालं असं धरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. बैठकीच्या लावणीत बायकांनी यावर आपला मार्ग शोधला. बसून अदा करायची असते, नाचाचा आधार नसतो. मग एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतात आणि दर वेळी तिचा रोख बदलतात. एकदा ती विनवणी असते, एकदा टोमणा, एकदा नुसती भुवई उचलून समोरच्याची केलेली परीक्षा, आणि मग थकवा. शब्द तेच. यमुनाबाई वाईकरांसारख्या गायिकांची अदा पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शाहिराच्या ओळीत जे नव्हतं ते त्या आवाजातल्या ठेहरावाने आणि नजरेने घालत. पुरुषाला ही लावणी गायची असेल तर शिकायचं आहे ते हे. कंबर हलवायला शिकणं त्यामानाने फार सोपं.

पुरुष-निवेदकाच्या लावण्याही आहेत. राम जोशींची ‘सुंदरा मनामध्यें भरली’ ही बघणाऱ्याच्या तोंडची आहे. ती बाईने गायली तर बघणारी कोण आणि जिला बघितलं ती कोण, असा क्षणभर गोंधळ होतो. मला तो गोंधळ आवडतो. वर्णनातला अधिकार निघून जातो आणि कौतुक उरतं. गायिकेने एवढंच करावं, पुरुषी ऐट उसनी आणू नये.

नाच्याच्या आणि मावशीच्या गोष्टीला मात्र एक कडू बाजू आहे. तमाशातल्या गौळणीत मावशी पुरुषच करतो आणि त्याच रंगमंचावर शेजारी खऱ्या बायका गवळणी म्हणून उभ्या असतात. मावशी हसवण्यासाठी आहे. हसू येतं ते तिच्या तिखट जिभेमुळे आलं तर ठीक. ती बायकी पुरुष आहे म्हणून येऊ लागलं की विनोद मावशीचा राहत नाही, तो तसं चालणाऱ्या-बोलणाऱ्या प्रत्येक माणसावर जातो. मराठी चित्रपटांत नाच्या रंगवणारे गणपत पाटील यांना पडद्याबाहेरच्या आयुष्यातही त्या भूमिकेची टिंगल सोसावी लागली. आणि बोर्डावर उभ्या राहिलेल्या बायकांना तर गाण्याची किंमत अब्रूने मोजावी लागली. पुरुषाने बाईचा आवाज घेतला तर त्याला सोंग म्हणायचं आणि बाईने स्वतःच्याच आवाजात चारचौघांत गायलं तर तिच्यावर बोट ठेवायचं, असा हा व्यवहार होता. पुरुषाने बाईचं गाणं गावं की नाही, या प्रश्नापेक्षा मला हा व्यवहार जास्त खुपतो. पुरुषाने सुनेचं भारूड म्हणायला हरकत नाही, पण त्याच गावात बाईला भारुडाला उभं राहता येतं का, हे विचारलंच पाहिजे. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडींसारख्या भारूडकर्त्या उभ्या राहिल्या, तेव्हा सुनेचं गाऱ्हाणं एका बाईच्या गळ्यातून लोकांनी भर सभेत ऐकलं.

भोंडल्याच्या गाण्यांत तर एकाच गाण्यात घरभर माणसं बोलतात. कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सून माहेरी जायला विचारते, सासू वेल लावायला सांगते, मग सासरा, दीर, नवरा, ज्याने त्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. शेवट गावागणिक बदलतो. फेर धरणाऱ्या मुली यातले सगळे आवाज आलटून-पालटून काढतात. इथे गाणारी आणि बोलणारी जुळवायची म्हटली तर गाण्याचे तुकडेच करावे लागतील.

जात्यावरच्या ओवीपाशी आलं की माझं मत बदलतं. ओवीत सोंग नसतं. दळणारी बाई आपल्याच भावाला, आपल्याच लेकीला, आपल्याच सासूला गाते आणि पुष्कळदा त्यांची नावंही घेते. समोर श्रोते नसतात, असलीच तर खुंट्याला दुसरा हात लावणारी जोडीदारीण असते. ती पहिली ओळ उचलते, दुसरी जोडते. दिवसभर जे बोलायची सोय नसे ते पहाटे जात्याला सांगितलं जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी सुरू केलेल्या प्रकल्पात अशा लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने गायली, याची नोंद ठेवली गेली. ही नोंदच मला फार मोलाची वाटते.

पुरुषाने ओवी गाऊ नये असं नाही. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’मध्ये छापल्या नसत्या तर कितीतरी हरवल्या असत्या. पण ओवी गाताना पुरुष गायकांच्या हातून ठरावीक चुका होतात. ओवीची चाल चार-पाच स्वरांत फिरते. म्हणजे पट्टीची अडचण नाही, पण इतक्या थोड्या स्वरांत गायकाचं समाधान होत नाही. तो आलाप घालतो, हरकती घालतो, दोन ओव्यांमध्ये बासरीचे तुकडे येतात आणि ओवीचं भावगीत होतं. दुसरं, लय. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने ठरते. खुंटा अंगाकडे ओढताना जोर पडतो, पुढे जाताना सुटतो आणि श्वास त्या सुटण्यात घेतला जातो. ओळीत मध्येच येणारे ‘गं’, ‘बाई’ हे फेरा पुरा होईपर्यंत ओळ धरून ठेवतात. जातं नसलेल्या ठिकाणी गायक ते गाळतो, ओळ आखूड होते, मग ती भरायला तो स्वर लांबवतो. उपाय साधा आहे. सराव करताना हात जात्यासारखा गोल फिरवत म्हणावं, दाणे संपत येतात तसं जरा हलकं व्हावं आणि ‘गं बाई’ला हात लावू नये. तिसरी चूक म्हणजे कळवळा. हुंदका आणून गातात. दळणाऱ्या बाईला रडत बसायला सवड नसे, पायली संपवायची असे. तिचा आवाज कोरडा, सपाट राहतो, म्हणून शब्द लागतात.

आणि ओवी म्हणण्याआधी ती कोणाची ते सांगावं. नाव माहीत असेल आणि तिची किंवा तिच्या घरच्यांची ना नसेल तर नाव-गाव सांगावं, नसेल तर कोणत्या भागातून मिळाली एवढं तरी. ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापून मोकळं होणं मला पटत नाही, कारण त्या शब्दामागे बहुतेक वेळा बाईचंच नाव पुसलेलं असतं. कार्यक्रमात एका ओवीला जागा असेल तर मूळ बाईच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण अर्धा मिनिट आधी वाजवावं, मग गायकाने आपल्या गळ्यात, आपल्या पट्टीत, क्रियापद न बदलता ती म्हणावी. आणि ती बाई अजून गाणारी असेल, येऊ शकत असेल, तर तिला बोलवावं, तिला बिदागी द्यावी आणि गायकाने तिच्या मागे दुसरी ओळ उचलावी.